माफी मागायची नाही

वालासी रागावली की ओरडत नाही. तिचा आवाज खाली खाली जातो आणि समोरचा माणूस नकळत पुढे वाकून ऐकायला लागतो. लहानपणी तिची आई म्हणायची, "ही पोर कुजबुजायला लागली की डुकरंसुद्धा वाट सोडतात." मी सोसे, तिची मावसबहीण. सामोआतल्या सवाईई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एकाच गावात आम्ही वाढलो, एकाच विमानाने मिशनवर गेलो आणि एकाच विमानाने परत आलो. आता गावात लोक तिची गोष्ट हसत हसत सांगतात, माकडचेष्टा केल्यासारखी नक्कल करतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. म्हणून मीच सांगते.

आमच्या मिशनच्या मंडळाने आम्हाला ऑस्ट्रेलियात पाठवायचं ठरवलं, तेव्हा निरोपाच्या दिवशी पाद्रीबाबांनी भाषण केलं. पालांगी म्हणजे गोऱ्या लोकांनी आपल्या पणजोबांच्या हातात बायबल दिलं, आता त्यांचीच देवळं ओस पडलीत, तेव्हा आपल्या पोरींनी जाऊन ते ऋण फेडावं, असं म्हणाले. सगळं गाव रडलं. वालासीच्या आईने तिला एक मानाची चटई दिली. केतकीच्या पातीची, इतक्या बारीक विणीची की हातात घेतली तर कापड वाटावं. म्हणाली, "परक्या मुलखात कोणाच्या मरणाला, कोणाच्या लग्नाला रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

कुरामिन नावाच्या गावी आम्हाला ठेवलं. समुद्र लांब, आजूबाजूला नुसती तांबडी जमीन आणि बैल. गावात मोठा कत्तलखाना. तिथे आपलेच सामोअन पुरुष कंत्राटावर मांस कापायला येत. चर्चच्या मागे आमचं छोटं घर, आणि दारात चर्चची पांढरी व्हॅन. सकाळी वृद्धाश्रमात जायचं, दुपारी घरोघरी दार वाजवायचं, संध्याकाळी आपल्या कामगारांची प्रार्थना घ्यायची.

दार वाजवणं हाच पहिला धक्का. तिथे माणूस दार उघडतो, पण त्याच्या पुढे एक जाळीचं दार असतं ते बंदच ठेवतो. आत अंधार, बाहेर ऊन. आपण दिसतो, तो दिसत नाही.

"खुराड्यापाशी उभं राहून बोलल्यासारखं वाटतं," वालासी म्हणायची. "फक्त कोंबडी मी का तो, तेवढं कळत नाही."

एका बाईने जाळीतून म्हटलं, "या कधीतरी चहाला." आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो, बरोबर नारळाच्या दुधातली भाकरी भाजून घेऊन. ती बाई आमच्याकडे बघतच राहिली. तिला आठवेचना आपण काय बोललो होतो. भाकरी तिने घेतली, दार लावून घेतलं. वालासी रस्ताभर भराभर चालली. घरी आल्यावर म्हणाली, "नको असेल तर बोलवू नये ना! आमच्या गावात खोटं आमंत्रण दिलं तर दंड बसतो."

मग उमूचं, आमच्या दगडांच्या भट्टीचं झालं. रविवारी आपल्या कामगार पोरांना गावचं जेवण घालावं म्हणून आम्ही परसात दगड तापवले, वर केळीची पानं पसरली. पानं मिळवायलाच दोन गावं पालथी घातली होती. धूर झाला, तेवढा होणारच. थोड्या वेळाने घंटा वाजवत आगीचा बंब आला. कोणी बोलावला? शेजारच्या म्हाताऱ्याने. ज्याला आम्ही रोज सकाळी हात करत होतो तोच, आणि त्याच्या आमच्या मध्ये कमरेएवढं कुंपण.

"कुंपणावरून हाक मारता येत नाही, पण बंब बोलावता येतो!" वालासीचा आवाज एवढा खाली गेला होता की बंबावरचा माणूस "काय? काय म्हणालात?" करत वाकला. बंबवाली माणसं मात्र चांगली निघाली. डुकराचं मांस त्यांनी दोनदा मागून घेतलं. शेजाऱ्याचं ताटही मी कुंपणावर ठेवलं होतं. संध्याकाळी ते तसंच होतं, मुंग्या लागलेलं.

तुम्ही म्हणाल, ह्या बारीकसारीक गोष्टी. वालासीही तसंच म्हणायची आणि रात्री प्रार्थनेत देवाकडे जीभ आवरण्याची ताकद मागायची. देवाने दिली नाही.

वृद्धाश्रमात हेझल नावाची म्हातारी होती. तिची नखं आम्ही कापायचो. ती रोज खिडकीशी खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "आज बॅरी येईल." आम्हाला वाटलं, बॅरी कुठे लांब दुसऱ्या शहरात असेल. मग एकदा व्हॅनच्या टायरमध्ये हवा भरायला गेलो आणि दुकानाच्या पाटीवर तेच आडनाव दिसलं. टायरवाला बॅरी. वृद्धाश्रमाच्या फाटकातून त्याच्या दुकानाचं छप्पर दिसत होतं.

वालासी व्हॅनमधून उतरली. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

"तुमची आई तुमची वाट बघते," ती म्हणाली.

"कोण तुम्ही?" बॅरी हात पुसत आला.

"तुमच्या आईची नखं कापणारी. तिच्या उजव्या पायाचा अंगठा सुजलाय, तुम्हाला माहीत आहे?"

"तिथे नर्स आहेत ना."

"नर्स तिच्या पोटातून आल्या होत्या का?"

बॅरीचा चेहरा त्याच्या जॅकसारखा लाल झाला. "बाई, तुझं काम कर. माझ्या घरात नाक खुपसू नकोस."

"हेच माझं काम आहे. ह्याच्यासाठीच मला समुद्र ओलांडून पाठवलंय. तुम्हाला मात्र रस्ता ओलांडवत नाही!"

हवा न भरताच आम्ही परत आलो. आम्ही पोचायच्या आत तक्रार पोचली होती. कुरामिनच्या चर्चचे पाद्री ॲलिस्टर ग्रीव्ज. उंच, सभ्य, नेहमी इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"वालासी, तुझा हेतू चांगला आहे. पण इथे प्रत्येकाचं खाजगी आयुष्य असतं."

"खाजगी म्हणजे, पाद्रीसाहेब?"

"म्हणजे... ज्यात दुसऱ्याने बोलू नये असं."

"मग पाप कुठलं, सार्वजनिक तेवढंच बघायचं?"

ग्रीव्ज हसले नाहीत. त्यांनी बॅरीला जाऊन माफी मागायला सांगितलं. वालासी गेली, मागितली. दात खाऊन, पण मागितली. माफी मागायला ती कधी मागे हटणारी नव्हती, हे मी मुद्दाम सांगते.

हेझल पुढच्या थंडीत गेली. बॅरी पुरायच्या दिवशी आला होता, काळा चष्मा लावून. चार-पाच माणसं, अर्धा तास, आणि सगळे गाड्यांत बसून गेले. कोणी रडलं नाही, कोणी गायलं नाही, कोणाला जेवायला घातलं नाही. आम्ही दोघीच थडग्याशी गात उभ्या राहिलो. खड्डा बुजवणारा माणूस फावडं टेकून थांबला होता. तो म्हणाला, "तुम्ही नातेवाईक का?" वालासी म्हणाली, "आता तेच समजा."

आता खरी गोष्ट.

कामगारांतला फेरेती आपल्या शेजारच्या गावचा. गुणी पोरगा, गोड गळ्याचा, प्रार्थनेला आम्हाला मदत करायचा. परवाना होता म्हणून कधीकधी चर्चची व्हॅन तोच चालवायचा. एके दिवशी कामावरून सुटल्यावर तो कामगारांना प्रार्थनेला आणत होता. सूर्य बुडायला आलेला. शाळेच्या मागच्या वळणावर सायकलवरच्या एका मुलीला व्हॅनची धडक बसली. टेगन पर्डी तिचं नाव, नऊ-दहा वर्षांची असेल. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार. हेलिकॉप्टरने मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. चांगल्या बातमीची वाट बघत आम्ही रात्रभर गुडघ्यांवर होतो. सकाळी कळलं, जगेल.

वालासीने तोंड धुतलं, कमरेचा लावालावा बदलला आणि ग्रीव्जसाहेबांकडे गेली. मी बरोबर होतेच.

"पर्डींच्या घरी कधी जायचं?"

"जायचं नाही," ग्रीव्ज म्हणाले.

"म्हणजे आज नाही?"

"म्हणजे जायचंच नाही. व्हॅन चर्चची आहे. विमा कंपनीच्या वकिलाचा फोन आला होता. चौकशी संपेपर्यंत आपल्यापैकी कोणीही त्या कुटुंबाशी बोलायचं नाही. माफी तर अजिबात मागायची नाही. माफी मागितली म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं."

वालासीला वाटलं, आपल्याला भाषा नीट कळली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मला तेच कळलं होतं.

"पण चूक झालीच आहे," ती म्हणाली. "मुलगी आपल्या गाडीखाली आली."

"ते कोर्ट ठरवेल."

"दर रविवारी तुम्ही पापांची कबुली द्यायला सांगता ती कुठली मग?"

"ते वेगळं, वालासी! ते देवापुढे."

"देवाचा विमा नसेल," ती म्हणाली, आणि आवाज इतका बारीक झाला होता की मला खिडकीबाहेरचे पोपट ऐकू आले.

चर्चतर्फे पर्डींकडे फुलं गेली. दुकानातून परस्पर. त्यावर नाव छापलेलं कार्ड. ते कळलं तेव्हा वालासीने हातातली बशी हळूच टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसली.

आमच्याकडे अशा वेळी काय करायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याच्या कुळातल्या माणसाने रक्त सांडलं, त्या कुळाचा प्रमुख उजाडायच्या आत दुखावलेल्या घरापुढे जाऊन बसतो. डोक्यावरून मानाची चटई पांघरतो. पुढ्यात दगड आणि लाकडं ठेवतो. म्हणजे, आम्ही चुकलो, आता मारा नाहीतर भाजून खा, मान तुमच्यापुढे आहे. घरच्या माणसाने उठून चटई काढली तर संपलं, आत बोलावून बोलणं होतं. नाही काढली तर बसायचं. ऊन असो, पाऊस असो. इफोंगा म्हणतात त्याला. कितीतरी घरांतले कोयते त्याने परत भिंतीला टांगले गेलेत.

कामगारांमध्ये तिपाकाका एकटेच गावच्या मानाची पदवी असलेले, म्हणजे त्यांच्या कुळाचे प्रमुख. वालासी त्यांच्याकडे गेली.

"काका, तुम्ही बसा. आम्ही मागे बसतो."

तिपाकाका बूट घालत होते. वर बघेनात. "पोरी, इथे मी कसला प्रमुख! इथे मी गुडघे वेगळे करतो बैलांचे. मॅनेजरने बजावलंय, ह्या भानगडीत पडलेल्याचं कंत्राट पुढे नाही. माझ्यावर सगळं घर आहे."

"मग गावच्या बैठकीत मानाचा पहिला प्याला तुम्हाला कशाला देतात?"

"वालासी!" मी म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाशी असं कोणी बोलत नाही. तिपाकाकांनी मान खाली घातली आणि नाडी बांधत राहिले. बांधलेलीच नाडी परत सोडून बांधत राहिले.

मी तिला समजावलं. म्हटलं, तू बाई, तुला पदवी नाही, तू कोणाच्या वतीने बसणार? आणि ही माणसं पालांगी, त्यांना ह्यातलं ओ की ठो कळणार नाही. ती म्हणाली, "मला कळतंय ना! मला झोप लागत नाही सोसे. त्या बाईच्या पोरीचं हाड मोडलंय आणि मी इथे तिच्या गावाला प्रेम शिकवतेय."

अपघाताला आठवडा होत आला, तरी फेरेती धड जेवत नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी येतो. तुम्ही आला नसतात तरी मी जाणार होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. पर्डींचं घर गावाच्या टोकाला, समोर पिवळी पडलेली हिरवळ, टपालाची पेटी, आणि व्हरांड्यात मुलीचे गमबूट. आम्ही परसातल्या उमूचे दगड आणि फोडलेली लाकडं पिशवीतून आणली होती. वालासी आणि फेरेती शेजारी शेजारी मांडी घालून बसले, माना खाली. मी दोघांवर चटई पांघरली, पुढे दगड-लाकडं मांडली आणि मागे बसले.

कुत्रा हुंगून गेला. सकाळच्या व्यायामाला पळत निघालेली एक बाई थांबली, कानातले इअरफोन काढले, परत घातले आणि पळाली. मग घराचं दार उघडलं. मुलीचा बाप, ग्लेन पर्डी, कामावर निघालेला, हातात डबा, पायात नुसते मोजे.

"ए! काय चाललंय हे?"

मी सांगायला तोंड उघडलं. व्हॅन, मिशन, एवढं म्हणाले आणि त्याला कळलं आम्ही कोण.

"चालते व्हा! माझ्या जागेतून चालते व्हा!"

चटई हलली नाही. चटईतून वालासी काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय ती? मोठ्याने बोल!"

तिला मोठ्याने बोलता येईना, सांगितलं ना मी. तोच वाकला.

"आम्ही चुकलो," ती म्हणत होती. "आमच्या माणसाने तुमच्या मुलीला जखमी केलं. आमचं सगळं गाव चुकलं."

ग्लेन ताठ उभा राहिला आणि मग जो काही फुटला! "आज? आज सुचलं? माझी पोर तिकडे नळ्या लावून पडलीय, आणि इतक्या दिवसांत तुमच्यातलं कुत्रंसुद्धा दारात आलं नाही! फुलं पाठवलीत! दुकानातनं! छापील कार्ड! मी ती कचऱ्यात टाकली, ऐकलंस? कचऱ्यात!"

"बरं केलंत," चटईतून आवाज आला.

"काय?"

"मीही तेच केलं असतं. आम्हाला येऊ दिलं नाही. आमच्याच माणसांनी. वकील म्हणाला माफी मागायची नाही."

"मग आज कशाला आलीस?"

"त्यांचा राग आला म्हणून. आणि तुमचाही."

"माझा?" ग्लेनच्या हातातला डबा खाली पडला. "माझा राग? तुला?"

"तुम्ही तरी यायचं होतंत! आमच्याकडे मुलीचा बाप त्याच दिवशी कोयता घेऊन आला असता. आम्ही वाट बघत होतो. हा पोरगा रोज दाराकडे तोंड करून बसत होता. तुम्ही दार लावून आत बसलात, चर्चवाले आत बसले, सगळं गाव आपापलं दार लावून बसलं! मुलीचं हाड मोडलं आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना!"

मला वाटलं आता हा लाथ घालणार. त्याने घातली नाही. तो चटईकडे बोट करून म्हणाला, "ती गोधडी काढ आणि माझ्या तोंडाकडे बघून बोल."

"मला काढता येत नाही. तुम्ही काढायची."

"मी हात लावणार नाही त्याला."

"मग मी बसते."

"बस! बसून मर!" तो आत गेला आणि दार एवढ्या जोरात आपटलं की गमबूट पडले.

ऊन वर आलं. तिकडचं ऊन म्हणजे सोलून काढतं. फेरेती चटईखाली हुंदके देत होता, पाठ हलताना दिसायची. समोरच्या कोणीतरी पोलिसांना कळवलं असावं, एक तरुण शिपाई आला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, बायांनो उठा, हे त्रास देणं झालं. मी काही बोलायच्या आत दार उघडलं. ग्लेन.

"तू जा, डॅनी," तो म्हणाला. "हे आमचं आहे."

"पण तक्रार..."

"मी केली का? मग जा."

शिपाई गेला. ग्लेन व्हरांड्याच्या पायरीवर बसला. कामावर गेलाच नाही. आमच्याकडे बघत नव्हता, पण आतही गेला नाही.

मग एक गाडी आली. मुलीची आई, लोरेन. इस्पितळात रात्र काढून आलेली, केस कसेतरी बांधलेले, खांद्यावर मोठी पिशवी. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग चटईकडे, मग माझ्याकडे. मी सांगितलं. थोडक्यात, जेवढं जमलं तेवढं. हे दगड कशाला विचारलं तिने, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पुढे झाली आणि चटईचं टोक धरून ओढून काढली.

फेरेतीने मान वर केली नाही.

"तू चालवत होतास?"

"हो."

"सूर्य डोळ्यांवर आला, असं वकील म्हणतो. खरं आहे?"

फेरेतीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "सूर्य होता. पण मी रेडिओचं बटण फिरवत होतो. रस्त्याकडे बघत नव्हतो."

हे त्याने आम्हालाही सांगितलं नव्हतं. वालासीने झटकन त्याच्याकडे बघितलं. ह्या एका वाक्याने त्याचं काय होणार, ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

लोरेनने खांद्यावरची पिशवी हातात घेतली आणि त्याला मारायला सुरुवात केली. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर. आतल्या वस्तू गवतावर उडत होत्या, मुलीचे कपडे, दात घासायचा ब्रश. फेरेतीने हात वर केले नाहीत. वालासीही मध्ये पडली नाही, तिने मलाही हाताने मागे धरून ठेवलं. शेवटी ग्लेन उठला आणि बायकोला मागून मिठी मारली. ती गवतावर बसली आणि मोठ्याने रडायला लागली, गळा काढून, आमच्या बायका रडतात तशी. त्या गावात मी पहिल्यांदाच कोणाला तसं रडताना ऐकलं.

ग्लेनने आतून पाणी आणलं. आधी बायकोला दिलं. मग दुसरी बाटली बराच वेळ हातात धरून उभा राहिला आणि शेवटी फेरेतीच्या पुढ्यात ठेवली, दगडांच्या शेजारी.

माफ केलं असं कोणी म्हणालं नाही. लोरेन नाक पुसत म्हणाली, "हे तू टेगनला स्वतः सांग. मी नाही सांगणार तुझ्या वतीने."

तो इस्पितळात गेला. वालासी आणि मी बरोबर. टेगनचा पाय वर बांधलेला, डोकं भादरलेलं. त्याने सगळं सांगितलं, रेडिओचंही. ती पोर विचार करत राहिली आणि म्हणाली, "गाणं कुठलं होतं?" फेरेतीला आठवेना. ती खूप चिडली. "एवढं करून गाणंपण आठवत नाही?" तिच्या त्या चिडण्यावर लोरेन हसली, आणि मग परत रडली. चटई त्यांच्याकडेच राहिली, तशी रीतच आहे.

कुरामिनमध्ये मात्र आग लागली. विमा कंपनीने चर्चला ताकीद दिली. कत्तलखान्याने फेरेतीचं कंत्राट तोडलं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला, कारण पर्डी नवरा-बायको कोर्टात उभे राहून बोलले. पण त्याला मायदेशी धाडलं. तिपाकाकांनी निघताना त्याच्या हातात स्वतःचं घड्याळ बांधलं.

ग्रीव्जसाहेबांनी चर्चच्या मंडळापुढे वालासीला उभं केलं. इस्त्रीचे शर्ट रांगेत बसलेले.

"तुला स्पष्ट सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुझ्यामुळे हे चर्च अडचणीत आलंय. तुला निदान ह्याबद्दल तरी पश्चात्ताप आहे का?"

"पाद्रीसाहेब," वालासी म्हणाली, आणि सगळी रांग पुढे वाकली, "त्याचं उत्तर द्यायचं तर आधी वकिलाला विचारा, माफी मागितलेली चालेल का."

आम्हाला परत पाठवलं. मला राहा म्हणत होते, मी राहिले नाही. वालासीच्या नावापुढे मंडळाने लिहिलं की स्वभाव कामाला योग्य नाही.

आणि घरी काय, हार घालून मिरवलं असेल असं वाटतं? गावच्या प्रमुखांनी बैठक बोलावली. पदवी नसलेल्या बाईने साऱ्या गावाच्या नावाने चटईखाली बसायचं, हे कोणाला विचारून? एक म्हातारा म्हणाला, "पोरीने पुरुषांना शरम आणली." वालासी खांबाशी बसली होती. तिची आईच उठली. बायकांनी तिथे बोलायचं नसतं. ती म्हणाली, "चटई मी विणली. बैठकीने विणली नव्हती." आणि लेकीला हाताला धरून घेऊन गेली. बैठकीने त्यांच्या घराला दंड म्हणून डुक्कर द्यायला लावलं. त्यांनी दिलं. सगळ्यात म्हातारं, कातडीसारखं चिवट डुक्कर निवडून दिलं. प्रमुख दिवसभर चघळत होते.

वालासीने लग्न केलं नाही. रविवारच्या शाळेत शिकवायला तिला कधी घेतलं नाही. ती गावच्या महिला मंडळात आहे, घरोघरी संडास आणि पाण्याच्या टाक्या तपासत फिरते, आणि तिची चाहूल लागली की बायका झाडू घेऊन धावत सुटतात. फेरेती आता बस चालवतो. बसमध्ये रेडिओ नाही, प्रवासी कुरकुरतात.

मागच्या वर्षी राजधानीहून, आपियाहून, मंडळाचा एक तरुण माणूस आला. नव्याने परदेशी जाणाऱ्या पोरापोरींना चार शब्द सांगायला या म्हणाला, तिकडच्या गमतीजमती. वालासी म्हणाली, "सगळं सांगेन, नाहीतर काहीच नाही." त्याला बहुधा माहीत नव्हतं सगळं म्हणजे काय. ती गेली आणि तिने सांगितलं. जाळीच्या दारापासून ग्रीव्जसाहेबांपर्यंत सगळं. मी मागे बसले होते. पोरं पुढे वाकून ऐकत होती आणि मंडळाची माणसं घड्याळं बघत होती. "तुम्हाला जे देऊन पाठवतात ते द्यायला गेलात की तेच लोक हात अडवून धरतात," ती म्हणाली, "आणि मला अजून राग येतो. येऊ नये असं मला वाटतही नाही." परत तिला कोणी बोलावलं नाही.

पण पुढच्या रविवारी त्या पोरींतल्या दोघी बसने आमच्या गावी आल्या, विचारत विचारत तिच्या घरी पोचल्या. एकीने चटकन विचारलं, "बाई, पण त्या इस्पितळातल्या मुलीचं पुढे काय झालं?"

"लंगडते थोडी," वालासी म्हणाली. "फोन करते कधीकधी, फार भांडखोर झालीय. आधी बसा. भांडी कोणी घासायची ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि जेवा."